वाघ जंगलातला, आवाज कुठला?

थिएटरातले दिवे मालवतात. पडदाभर बर्फ, आणि त्यावरून एक ध्रुवीय अस्वल रमतगमत चाललंय. पाऊल पडलं की बर्फ करकरतो. शेजारचा माणूस पॉपकॉर्न चघळायचा थांबतो, इतकी ती करकर आपल्या पायाखाली झाल्यासारखी वाटते.

अस्वल खरं आहे, बर्फही खरा आहे. करकर मात्र बहुतेक वेळा एका बंद खोलीत निघालेली असते. कॉर्नफ्लॉवर किंवा कस्टर्ड पावडर एखाद्या मोज्यात भरायची आणि माइकसमोर धरून मुठीने दाबायची, की कोरड्या बर्फावरच्या पावलाचा हुबेहूब आवाज येतो. घरी करून पाहा. मंचुरियनसाठी आणलेलं कॉर्नफ्लॉवर डब्यात असेल, त्यावर चमचा दाबला तरी पुरे.

हे पहिल्यांदा कळतं तेव्हा बऱ्याच जणांचा विरस होतो. ‘म्हणजे सगळं खोटंच की!’ असा सूर लागतो. पण मामला इतका सरळ नाही. वन्यजीवांवरच्या चित्रपटातला बराचसा आवाज नंतर घातलेला असतो हे खरं, पण त्यामागे लबाडीपेक्षा भौतिकशास्त्राचा हात मोठा आहे. आणि खरी लबाडी जेव्हा होते तेव्हा ती सहसा पावलांच्या आवाजात नसते.

भिंग उजेड ओढतं, आवाज नाही

वन्यप्राण्यांचं चित्रण करणारा माणूस लांब बसतो. लांबच बसायला हवा, नाहीतर प्राणी एकतर पळून जाईल किंवा अंगावर येईल, आणि दोन्हीत त्याचं नेहमीचं वागणं टिपायचं राहून जाईल. म्हणून मोठ्या लेन्स आल्या. कॅननने २०१४ साली ५० ते १००० मिलिमीटरची एक लेन्स बाजारात आणली. वजन साडेसहा किलोंच्या पुढे. ती पूर्ण ताणली की शंभर मीटरवरचा बिबट्या नाकापासून शेपटीपर्यंत पडदा व्यापतो. बघणाऱ्याला वाटतं, कॅमेरा त्याच्या पुढ्यातच होता.

आवाजाला असं भिंग नाही. आवाज उगमापासून चहूकडे पसरतो आणि अंतर दुप्पट झालं की त्याची तीव्रता चौथाईवर येते. बिबट्याच्या पंजापासून एक मीटरवर वाळक्या पानांचा जो आवाज असतो, त्याचा दहा हजारावा हिस्सा शंभर मीटरवर पोचतो. त्यात वारा असतो, जिप्सीच्या तापलेल्या बॉनेटची टिकटिक असते आणि पलीकडच्या जिप्सीतल्या काकांचं ‘अगं तो बघ, तो बघ, झुडपामागे!’ असतं. हे सगळं पंजाच्या आवाजापेक्षा मोठं. वाऱ्यासाठी माइकवर एक केसाळ गवसणी चढवतात, तिला या धंद्यात ‘डेड कॅट’ म्हणतात. काकांसाठी तशी काही सोय अजून निघालेली नाही.

शिवाय वेळेचं भांडण आहे. उजेड लगेच पोचतो, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर मीटरवरून येताना तो जवळजवळ एक तृतीयांश सेकंद उशिरा पोचतो. सिनेमाचं चित्र सेकंदाला २४ चौकटींनी चालतं, म्हणजे सात चौकटी मागे. डबिंग चुकलेल्या सिनेमात ओठ आधी आणि शब्द मागून आले की आपल्याला जे खटकतं, तेच इथे होईल. अर्ध्या किलोमीटरवरून टिपलेल्या गव्यांच्या कळपाच्या बाबतीत तर दीड सेकंदाचा फरक पडेल. खूर टेकले, धूळ उडाली, आणि आवाज अजून वाटेत.

पक्ष्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करणारे लोक एक परातीसारखी तबकडी वापरतात, तिच्या मध्यभागी माइक असतो. ती आवाज गोळा करते खरी, पण सगळे नाही. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज तिला सापडतात. खालच्या पट्टीतल्या आवाजाच्या लहरी लांबलचक असतात. सेकंदाला शंभर कंपनांच्या आवाजाची एकेक लहर साडेतीन मीटरच्या आसपास भरते. साठ सेंटिमीटरच्या तबकडीला ती पकडता येत नाही. म्हणून दयाळाचं गाणं लांबून छान मिळतं, वाघाचं गुरगुरणं मिळत नाही.

हे झालं साध्या चित्रणाचं. स्लो मोशनमध्ये तर आवाजाचा प्रश्नच निकालात निघतो. पाण्याबाहेर झेप घेणारा पांढरा शार्क तुम्ही पाहिला असेल. दक्षिण आफ्रिकेतल्या फॉल्स बे नावाच्या उपसागरात काही वर्षांपूर्वीपर्यंत हे शार्क सील पकडताना अख्खे हवेत उसळायचे. ती झेप सेकंदभराची. सेकंदाला हजार चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्याने घेतलेलं दृश्य नेहमीच्या वेगाने दाखवलं की एका सेकंदाचे चाळीसच्या वर सेकंद होतात. गंमत म्हणजे असा कॅमेरा शेवटचे काही सेकंद सतत स्मरणात साठवत आणि पुसत राहतो. कॅमेरामन शार्क उडाल्यावर बटण दाबतो, आधी नाही, आणि जे होऊन गेलं ते हाती लागतं. आता समजा, कुणी त्याच क्षणाचा आवाजही घेतला आणि तोही तितकाच ताणला. चार हजार कंपनांची समुद्रपक्ष्याची किंकाळी शंभरच्याही खाली येईल, म्हणजे पंपाची घरघर. पडद्यावर जो धीरगंभीर ‘धडाम्’ ऐकू येतो, तो म्हणूनच कुणीतरी रचलेला असतो. दुसरा मार्गच नाही.

उलट टोकाला टाइमलॅप्स. कोंब जमिनीतून वर येतो, पान उलगडतं, आणि सोबत कागद चुरगळल्यासारखी बारीक कुरकुर. दोन आठवड्यांची घटना वीस सेकंदांत बसवलीय, तिचा आवाज कुठून आणणार? ड्रोनमधून घेतलेल्या दृश्याचा खरा आवाज तर एकच: ड्रोनचा. थवा आकाशातून जाताना पंखांची फडफड ऐकू आली की ती कुठल्या तरी चामडी हातमोज्यांची असू शकते, हे लक्षात असू द्या.

थोडक्यात, पुढच्या वेळी थिएटरात बसाल तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारा: या क्षणी माइक कुठे असू शकला असता? पाच मिनिटांत अर्धा सिनेमा वेगळाच ऐकू येऊ लागेल.

खोलीतलं जंगल

चित्र बघून असे आवाज काढायच्या या कामाला फोली म्हणतात. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत जॅक फोली नावाचा माणूस होता. बोलपट आल्यावर चित्र बघत बघत पावलांचे, कपड्यांचे, भांड्यांचे आवाज काढायची पद्धत त्याने बसवली, आणि त्याचं आडनावच कामाला चिकटलं.

फोलीची खोली भंगारवाल्याच्या दुकानासारखी दिसते. जमिनीत चौकोनी खळगे: एकात रेती, एकात खडी, एकात माती, एकात वाळका पाला. समोर पडदा, त्यावर आवाज नसलेलं दृश्य. कलाकार अनवाणी किंवा मोजे घालून उभा. हरीण चालतंय, तर तो हातांनी पाल्यावर चार पावलांची लय धरतो. दोन हात, चार पाय, शिवाय पुढच्या पायांचा भार वेगळा आणि मागच्यांचा वेगळा. नखांसाठी हातमोज्याच्या बोटांना खिळे किंवा पेपरक्लिप चिकटवलेल्या. लांब गवतातून जाण्यासाठी जुन्या कॅसेटमधल्या फितीचा गुंता, तो हलवला की गवत सळसळतं. हाड मोडायचं असेल तर सेलरीचा दांडा. पिल्लू जन्मताना किंवा आई त्याला चाटताना जो ओला आवाज येतो, तो भिजवलेल्या शॅमॉय कापडाचा, गाडी पुसायचं असतं ते. पंखांसाठी हातमोज्यांचा जोड, मोठ्या पंखांसाठी उघडमीट करायची छत्री.

हे डोळ्यांनी बघताना हास्यास्पद वाटतं आणि पडद्यावर चालून जातं, याचं कारण आपल्या मेंदूत आहे. अर्धवटराव आठवा. यशवंत पाध्यांनी घडवलेला आणि पुढे रामदास पाध्यांनी घरोघरी पोचवलेला तो बाहुला. आवाज पाध्यांच्या गळ्यातून निघतोय हे प्रेक्षागृहातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तरी हलणारा जबडा दिसला की आवाज तिथूनच आलाय असं वाटतं. डोळा आणि कान यांच्यात ‘कुठून?’ यावर मतभेद झाला की मेंदू डोळ्याच्या बाजूने निकाल देतो. दोन गोष्टी एकाच क्षणी घडल्या की त्यांना तो एकत्र बांधूनच टाकतो. पंजा टेकला आणि त्याच क्षणी कॉर्नफ्लॉवर दाबलं गेलं की काम झालं.

थिएटर ही बांधणी आणखी घट्ट करतं. सिनेमाचा पडदा सलग नसतो, त्याला बारीक बारीक छिद्रं असतात, आणि मुख्य स्पीकर त्या पडद्यामागे उभे असतात. आवाज खरोखरच चित्राच्या दिशेने येतो. घरी टीव्हीचा आवाज बऱ्याचदा खालून किंवा मागच्या भिंतीवर आपटून येतो. थिएटरात बाजूच्या आणि मागच्या भिंतींवरही स्पीकर असतात. रातकिडे मागून, ओढा डावीकडून, वाघ समोरून.

आणि खालची पट्टी. हत्ती माणसाला ऐकू न येणाऱ्या, फार खालच्या पट्टीतल्या आवाजांत एकमेकांशी बोलतात हे केटी पेन या अभ्यासक बाईंना १९८४ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात जाणवलं. जाणवलं असंच म्हणायला हवं, कारण त्यांना आवाज ऐकू आला नव्हता, हवा थरथरल्यासारखी वाटली होती. मोजमाप केल्यावर सेकंदाला १४ ते २४ कंपनांचे आवाज सापडले. माणसाचा कान विसाच्या खाली जवळपास बहिरा. टीव्हीच्या चपट्या स्पीकरना शंभरच्या खालचंसुद्धा धड जमत नाही. थिएटरातला सबवूफर मात्र विसा-तिसापर्यंत उतरू शकतो. मोबाइलवर हत्तींचा माहितीपट बघणाऱ्याला जे कधीच मिळणार नाही, ते थिएटरात बरगड्यांना कळतं. तिकिटाचे पैसे माझ्या मते पडद्याच्या आकारापेक्षा यासाठी वसूल होतात.

जे खरंच जंगलातून येतं

सगळंच खोलीत बनतं असं मात्र नाही. जंगलाचा पार्श्वआवाज, म्हणजे किडे, वारा, पाणी, लांबवरचे पक्षी, हा चांगल्या चित्रपटात तिथलाच असतो. ध्वनिमुद्रक त्यासाठी वेगळा वेळ काढतात. कॅमेरा बंद असतो, गाडी परत गेलेली असते, आणि यंत्र रात्रभर झाडाला बांधून ठेवलेलं असतं. प्राण्याची हाकही जमेल तेव्हा तिथेच घेतात. नाही जमलं तर संग्रहातून. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचा मोठा संग्रह आहे. २००५ साली सुरू झालेल्या झेनो-कँटो या संकेतस्थळावर तर जगभरचे हौशी लोक पक्ष्यांचे आवाज टाकत असतात.

इथे चूक झाली की जाणकार लगेच पकडतो. हॉलिवूडने वर्षानुवर्षं टक्कल गरुडाच्या (बाल्ड ईगलच्या) तोंडी लाल शेपटीच्या ससाण्याची किंकाळी घातली, कारण त्या रुबाबदार पक्ष्याचा स्वतःचा आवाज अगदीच किरटा. आफ्रिकेच्या जंगलात म्हणून ऑस्ट्रेलियातला कुकाबुरा पक्षी हसवला. आपल्याकडच्या प्रेक्षकाचा कान याबाबतीत कमी नाही. ताडोब्याचा गाइड आधी कानाने वाघ शोधतो. चितळाने कॉल दिला तर तो गाडी थांबवून नुसता ऐकेल, चितळ बिबट्यालाही घाबरतं आणि रानकुत्र्यांनाही. वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरलं तर कोणत्या दिशेला तोंड करून खाकरतंय ते बघेल. पण सांबराचा ‘ढाँक’ आला की गाडी चालू. सांबर उगाच ओरडत नाही, असा तिथला अनुभव आहे. वाघ चालतोय त्या दृश्यावर दिग्दर्शकाने चितळाच्या माजाच्या दिवसांतलं ओरडणं घातलं तर पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला काही कळणार नाही, मोहर्लीच्या पोराला हसू येईल.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठा पाहिलेल्यांना आणखी एक गोष्ट माहीत असते. खऱ्या रात्रीत फार थोडं ऐकू येतं. रातकिडे, मधूनच रातव्याची टकटक, एखादं भेकर, आणि तासन्‌तास काही नाही. सांबर आलं तरी आधी त्याची सावली दिसते. चित्रपटाला इतकी शांतता परवडत नाही. तीस सेकंद काहीच वाजलं नाही तर प्रेक्षकाला वाटेल, सिस्टीम बिघडली. त्यामुळे पडद्यावरचं जंगल खऱ्या जंगलापेक्षा नेहमी जास्त बडबडं असतं. मला कॉर्नफ्लॉवरपेक्षा ही गोष्ट जास्त खुपते. करकर खोटी असली तरी अस्वल तसंच चालत होतं. सतत काहीतरी घडतंय हा भास मात्र जंगलाबद्दल चुकीचं काहीतरी शिकवतो, आणि मग माणसं तीन तासांच्या सफारीत वाघ दिसला नाही म्हणून ड्रायव्हरवर डाफरतात.

सर्वांत मोठा आवाज माणसाचा

आता ज्या आवाजाची फारशी कुणी शंका घेत नाही, त्याच्याकडे येऊ.

ल्यूक जॅके या फ्रेंच दिग्दर्शकाचा एम्परर पेंग्विनवरचा चित्रपट २००५ साली जगभर थिएटरांत गाजला. अंटार्क्टिकावरच्या द्युमाँ द्युर्व्हिल या फ्रेंच तळाजवळ तेरा महिने चित्रण चाललं होतं. एकट्या अमेरिकेत त्याने साधारण ७ कोटी ७० लाख डॉलरचा धंदा केला, आणि पुढच्या वर्षी सर्वोत्तम माहितीपटाचं ऑस्कर घेतलं. वन्यजीवपट थिएटरात चालू शकतो, हे निर्मात्यांना पटवून देणाऱ्या मोजक्या चित्रपटांपैकी हा एक.

पण फ्रान्समध्ये आणि अमेरिकेत लोकांनी दोन वेगळे चित्रपट पाहिले. मूळ फ्रेंच आवृत्तीत पेंग्विन बोलतात. नर, मादी आणि पिल्लू यांना नटांचे आवाज दिलेत, ते ‘आम्ही’ म्हणून आपली कहाणी सांगतात. सोबतीला एमिली सिमाँचं आधुनिक इलेक्ट्रॉनिक संगीत. अमेरिकी वितरकांनी हे सगळं काढलं. त्याजागी मॉर्गन फ्रीमन या नटाचं निवेदन आलं, तेही तृतीय पुरुषात, आणि संगीत दुसऱ्या संगीतकाराकडून नव्याने करून घेतलं. पक्षी तेच आणि हिमवादळही तेच, पण एकीकडे परीकथा झाली आणि दुसरीकडे आजोबांनी सांगितलेली प्रेमाची गोष्ट.

त्या गोष्टीचा परिणाम बघा. अमेरिकेतल्या काही परंपरावादी भाष्यकारांनी चित्रपटाचं कौतुक एकपत्नीत्वाचा आणि कुटुंबमूल्यांचा धडा म्हणून केलं. प्रत्यक्षात एम्परर पेंग्विनची जोडी एका विणीच्या हंगामापुरती. पुढच्या वर्षी बहुतेकांचा जोडीदार वेगळा असतो. यात त्यांची काही नैतिक घसरण नाही. अंटार्क्टिकाचा उन्हाळा तोकडा असतो, जुन्या जोडीदाराची वाट बघत बसलं तर हंगाम हातचा जातो.

आणि ज्यांच्या तोंडी माणसांचे आवाज घातले, त्या पक्ष्यांचा स्वतःचा आवाज हाच या कथेतला सगळ्यात विलक्षण भाग आहे. एम्परर पेंग्विन घरटं करत नाही. नर अंडं पायांवर घेऊन, पोटाच्या कातडीखाली झाकून दोन महिन्यांहून अधिक काळ उपाशी उभा राहतो, उणे चाळीसपर्यंत उतरणाऱ्या थंडीत. या काळात मादी समुद्रावर गेलेली असते. ती परत येते तेव्हा समोर हजारो सारखे दिसणारे नर, आणि कुणाचाच ठरलेला पत्ता नाही. ती हाक देते, तो ओळखतो. पक्ष्यांचा स्वरयंत्राचा भाग श्वासनलिकेच्या दुभंगावर असतो, दोन्ही फांद्यांतून वेगवेगळा सूर निघू शकतो. एम्परर पेंग्विन हे दोन सूर एकदम लावतो. त्यांच्या कंपनांत थोडासा फरक असल्याने एक विशिष्ट थरथर तयार होते, आणि ती प्रत्येकाची वेगळी असते. वसाहतीतल्या गोंगाटात जोडीदार त्या थरथरीवर सापडतो. हे आवाज अंटार्क्टिकावर जवळून मुद्रित करता येतात, कारण तिथे जमिनीवर शत्रूच नसल्यामुळे हे पक्षी माणसाला बिचकत नाहीत. म्हणजे ज्या मोजक्या ठिकाणी माइक खरोखर प्राण्याजवळ जाऊ शकतो, तिथेच आपण पेंग्विनला फ्रेंच बोलायला लावलं. हे मला कायम थोडं विनोदी वाटत आलंय.

निवेदनाचं हे बळ ओळखूनच काही निर्माते निवेदकावर सगळी भिस्त ठेवतात. अमोघवर्ष आणि कल्याण वर्मा या दिग्दर्शकांचा ‘वाइल्ड कर्नाटक’ जानेवारी २०२० मध्ये मल्टिप्लेक्समध्ये लागला. पन्नासेक मिनिटांचा माहितीपट तिकीट लावून दाखवणं आपल्याकडे धाडसच. लोक गेले, त्यात निवेदन वन्यजीवपटांचे ख्यातनाम ब्रिटिश निवेदक डेव्हिड अ‍ॅटनबरोंचं हे एक मोठं कारण होतं. आपल्या शेजारच्या सह्याद्रीला तो ओळखीचा आवाज मिळाला की तोच सह्याद्री एकदम जागतिक दर्जाचा वाटू लागतो. त्यापेक्षा हिंदी डबिंगमधला ‘मौत’ आणि ‘शिकंजा’वाला घोगरा आवाज ऐका, तोच बिबट्या गुन्हेगारी मालिकेतला खलनायक होतो.

हद्द कुठे?

कात्रीचं काम सर्वांना माहीत असतं, म्हणून त्यावर फार थांबत नाही. पाठलागात वाघ एका दिवसाचा आणि हरीण दुसऱ्या दिवसाचं असू शकतं. सावल्यांची दिशा बघितली की चोरी सापडते. डिस्नेनेचरच्या २०१२ सालच्या ‘चिंपांझी’मध्ये मुख्य टोळी पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्टच्या टाई जंगलातली, आणि तिच्यावर चालून येणारी म्हणून दाखवलेली टोळी पूर्वेकडे युगांडातल्या न्गोगोची. त्या दोन टोळ्यांची भेट फक्त संकलकाच्या टेबलावर झाली.

यावर माझं मत असं: चिंपांझींच्या टोळ्या खरोखर एकमेकींवर हल्ले करतात, तेव्हा वागणं खरं आणि पात्रं जुळवलेली, इतपत चालवून घेता येतं. जे वागणंच खरं नाही ते दाखवणं ही फसवणूक. तिचं सगळ्यात वाईट उदाहरण १९५८ सालच्या डिस्नेच्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’मधलं आहे. लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी झुंडीने कड्यावरून समुद्रात उड्या घेतात असं त्यात दाखवलं होतं. कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने १९८२ साली त्याचा छडा लावला. चित्रण कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात झालं होतं, आणि अल्बर्टाला समुद्रच नाही. लेमिंग मॅनिटोबाहून विकत आणलेले होते. फिरत्या तबकडीवर सोडून त्यांची ‘झुंड’ केली होती आणि शेवटी त्यांना नदीत ढकललं होतं. या चित्रपटालाही ऑस्कर मिळालं होतं. लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात ही समजूत आजही जगभर टिकून आहे.

मधल्या पट्ट्यातलं उदाहरण २०११ सालचं. बीबीसीच्या ध्रुवप्रदेशावरच्या मालिकेत बर्फाखालच्या गुहेत ध्रुवीय अस्वलाची पिल्लं जन्मताना दिसली. ते चित्रण नेदरलँड्समधल्या प्राणिसंग्रहालयात केलेल्या कृत्रिम गुहेतलं होतं. खऱ्या गुहेत कॅमेरा घालणं म्हणजे पिल्लांचा आणि माणसांचा जीव धोक्यात घालणं, हे बीबीसीचं म्हणणं पटण्यासारखं होतं. लोक चिडले ते दुसऱ्याच गोष्टीवर: निवेदनात तसं सांगितलं नव्हतं. माहिती संकेतस्थळावर होती. अ‍ॅटनबरोंचा बचाव असा की ऐन दृश्यात ते सांगितलं असतं तर रसभंग झाला असता. मला वाटतं, रसभंग झाला असता तर झाला असता. एका वाक्याचा प्रश्न होता, आणि अ‍ॅटनबरोंसारख्या माणसाला ते वाक्य सुंदर करून सांगता आलं असतं.

टीव्हीवरच्या मालिकांनी यावर एक उपाय काढलाय: भागाच्या शेवटी दहा मिनिटं चित्रणाची कथा. त्यात कॅमेरामन दलदलीत रुतलेला दिसतो, आठवडाभर न आलेल्या प्राण्यावर वैतागलेला दिसतो. थिएटरात त्याला जागा नसते. एके काळी आपल्याकडे मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचा लघुपट दाखवणं बंधनकारक होतं, आणि तो वेळ लोक खुर्ची शोधण्यात घालवायचे. आता शेवटची नामावली तशी वाया जाते. डिस्नेनेचरचे चित्रपट चित्रण करणाऱ्यांची दृश्यं तिथेच, नावांच्या सोबत दाखवतात. बाकीच्यांत नुसती नावं सरकतात. चित्रण कुठे कुठे झालं, संग्रहातला आवाज कुणाचा घेतला, प्रशिक्षित प्राणी वापरले का, यातलं बरंच काही तिथे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ध्वनिमुद्रकाचं नाव वेगळं येतं आणि फोली कलाकाराचं वेगळं. मल्टिप्लेक्सवाले नेमके तेव्हाच दिवे लावतात आणि सफाईवाले पिशव्या घेऊन आत येतात. त्यांना दोन मिनिटं थांबायला सांगितलं तर ते थांबतात.